वीतभर धसकट

डिझेल घेऊन येणारा डग त्या दिवशी अंगणात आला, पण गाडीतून नीट उतरला नाही. एक पाय पायरीवर ठेवूनच त्यानं अब्रामला सांगितलं की निम्मंच मिळेल, सगळ्यांना निम्मंच. तेलाच्या कारखान्यात काहीतरी मोडलंय, दुरुस्त कधी होईल ते कोणी सांगत नाही, आणि तोवर दुसरी खेप नाही. घरं तापवायचं तेलसुद्धा नाही. मग त्यानं शेडमागच्या आमच्या टाकीत नळी घातली, मोजून निम्मं ओतलं आणि पुढच्या अंगणात तेच सांगायला निघून गेला.

पश्चिमेकडचा गहू अजून उभा होता. उन्हाळा पावसात गेलेला, पेरणी उशिरा, कापणी त्याहून उशिरा. ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि एक बर्फ पडून वितळूनही गेला होता. दुसरा पडेल तो वितळणारा नसतो. चर्चच्या रस्त्यापासून मागच्या पॉप्लरच्या झाडांच्या रांगेपर्यंत तो सगळा गहू बर्फाखाली गेला, तर वसंतात तिथे उंदीर आणि रानहंस यांचंच पोट भरणार होतं. आमच्या वर्षाचं पीक म्हणजे तेवढंच. तेलबियांचा कॅनोला पावसानं आधीच नेला होता.

माझा नवरा अब्राम आणि त्याचा थोरला भाऊ कॉर्नी, दोघं मिळून शेती करत. सासऱ्यांनी जाताना तसंच ठेवलं होतं. जमीन दोघांची, यंत्रं दोघांची, टाकी एक. हार्वेस्टरवर थोरल्यानं बसायचं आणि धान्याची ट्रॉली धाकट्यानं ओढायची, हेही त्यांनीच ठरवलं होतं. धाकटा चोपन्न वर्षांचा झाला तरी त्यात बदल नव्हता. ट्रॉलीतून ट्रकमध्ये आलेला गहू अंगणातल्या पत्र्याच्या कोठ्यांपर्यंत मी आणत असे.

कॉर्नीची बायको सारा वारल्यापासून तो समोरच्या जुन्या घरात एकटा राहायचा आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचा. टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला अब्राम. मीठ दोघांच्या मधोमध असलं, तरी दोघंही ते माझ्याकडे मागत.

त्या रात्रीच्या जेवणाला अब्राम बोलला. माझ्याकडे बघून बोलला, पण ऐकायचं कोणी ते कळत होतं. सकाळी दव असताना हार्वेस्टर लावायचा नाही, कारण ओलं काड मळायला इंजिनाला दुप्पट जोर लागतो, दुपारपर्यंत थांबायचं. पुढची कात्री वर उचलून कापायचं, ओंब्या आणि त्याखालची वीतभर काडी यंत्रात जाईल, बाकीचं धसकट रानातच उभं राहू दे. काड बारीक करणारं यंत्र बंद ठेवायचं. ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये आणि कमी रेसवर चालवायचा, नाकावरची लोखंडी वजनं काढून ठेवायची. आणि जेवताना इंजिन बंद.

"आगाथा," कॉर्नी मला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, गहू कापायचाय. त्याला गोंजारायचं नाहीये."

"आगाथा," अब्राम म्हणाला, "तुझ्या दिराला सांग, टाकीत किती आहे ते बघून ये म्हणावं."

मी बटाटे पुढे सरकवले.

रोज पहाटे स्तोत्र वाचल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. ते झालं की मग कॉफी. त्या हंगामात कॉफीच्याही आधी मी काठी घेऊन टाकीपाशी जायला लागले. काठी सासऱ्यांच्या हातची, खाचा पाडलेली. टाकीच्या तोंडातून ती तळाला टेकवायची, वर काढायची आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. हातमोजे काढल्याशिवाय काठी नीट धरता येत नसे, आणि टाकीचं तोंड इतकं गार असे की बोटं चिकटत. बघून झालं की मी काठी पुसून शेडच्या दारामागे उभी करून ठेवायचे. अब्राम नंतर येऊन ओल कुठे होती ते विचारायचा. कॉर्नीनं कधी विचारलं नाही.

पहिले दिवस कॉर्नीच्या मनाप्रमाणे गेले. सकाळी गव्हावर पांढरं दव चमकत असतानाच तो हार्वेस्टर रानात घालायचा. ओलं काड आत गेलं की यंत्र कण्हायचं. अंगणात कपडे वाळत घालतानाही मला ते ऐकू यायचं, चढावर ओझं ओढणाऱ्या बैलासारखं. धुराड्यातून काळा धूर निघायचा आणि बराच वेळ रानावर तसाच राहायचा. कात्री जमिनीला लागेल इतकी खाली, मागे राहिलेलं धसकट चार बोटं. त्यांच्या वडिलांची तशीच रीत होती. ते कापलेल्या रानातून चालत जायचे आणि बुटाच्या नाडीला धसकट लागलं तर परत फिरून मुलांना तिथे उभं करायचे. आमच्या गावात रान कापलेलं कसं दिसतं यावर माणसाचं घर कसं असेल ते ठरवतात. सगळे चर्चला त्याच रस्त्यानं जातात.

दुपारचं जेवण मी रानात न्यायचे. डब्यात सूप, सॉसेज, पाव. ट्रकच्या मागच्या फळीवर मांडायचे. कॉर्नी यंत्र चालूच ठेवून खाली उतरायचा. रिकामं इंजिन जेवणभर गुरगुरत राहायचं आणि बोलायला आवाज चढवावा लागायचा. म्हणून कोणी बोलत नसे.

एका दुपारी अब्राम पावाचा तुकडा तोंडात असतानाच उठला, हार्वेस्टरची शिडी चढला आणि किल्ली फिरवली. एकदम इतकी शांतता झाली की पॉप्लरच्या वाळलेल्या पानांचा आवाज ऐकू आला. तो खाली आला, बसला आणि सूप प्यायला लागला. कॉर्नीनं वाटी फळीवर ठेवली. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून तो शिडी एकाच पायानं चढतो, दुसरा मागून ओढून घेतो. तसा तो चढला. इंजिन सुरू केलं. मग शिडीवरच उभा राहून त्यानं मला वाटी वर द्यायला खुणावलं. मी दिली. त्यानं उरलेलं जेवण तिथेच उभ्यानं केलं, खाली अब्रामच्या डोक्यावर पावाचे कण पडत होते, आणि अब्राम डोकं न हलवता जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीवरची ओल चांगलीच खाली गेली होती. रान अजून निम्मंही झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉर्नीची दाढ दुखायला लागली. दोन दिवस त्यानं लवंग धरून काढले, मग गाल इतका सुजला की डोळा लहान झाला. शेवटी तो शहराला दाढ काढायला गेला. जाताना हार्वेस्टरची किल्ली खिशात घालून न्यायला विसरला. विसरला की मुद्दाम ठेवली, ते मला अजून कळलेलं नाही.

अब्रामनं दुपार होऊ दिली. काड हातात घेऊन मोडून बघितलं. वाळलेलं काड कट्कन मोडतं, ओलं नुसतं वाकतं. पुन्हा थोडं थांबला. तेवढ्या वेळात त्यानं हवेची जाळी काढून शेडच्या भिंतीवर आपटली, धुळीनं त्याचे खांदे पांढरे झाले. मग तो यंत्रात बसला आणि कात्री वीतभर वर उचलून रस्त्याच्या कडेनं कापायला लागला. यंत्राचा आवाज वेगळाच होता. कण्हणं नव्हतं, धूरही नव्हता. ट्रॉलीवर त्या दिवशी मीच होते, वरच्या गिअरमध्ये, कमी रेसवर. ट्रॅक्टरही नुसता गुणगुणत होता. संध्याकाळपर्यंत आम्ही रस्त्यालगतचा लांबलचक पट्टा संपवला. मागे धसकट उभं राहिलं होतं, पिवळं, दाट, वीतभर. कडेनं बघितलं तर रान कापलंय की नाही असं वाटावं.

काठीवरची ओल बोटभरही उतरली नव्हती.

दिवेलागणीला जेवायला बसलो तेव्हा अब्रामनं ती काठी आणली आणि कॉर्नीच्या ताटाशेजारी ठेवली. डिझेलचा वास सुपात मिसळला. मी उठून काठी उचलली, टेबल पुसलं, काठी दाराबाहेर ठेवली. कॉर्नीच्या गालाला फडकं बांधलेलं होतं. त्यानं ताटाकडे बघितलं नाही, खिडकीतून बाहेर बघितलं. उजेड होता तेवढ्यात रस्त्याकडेचं धसकट दिसत होतं.

"बापानं हे बघितलं असतं तर," तो म्हणाला. तोंड उघडत नव्हतं, शब्द दाताखालून आले.

"बापानं टाकी बघितली असती," अब्राम म्हणाला.

रविवारी काम नाही. थंडी वाढली होती. चर्चच्या अंगणात गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि बहुतेकांची इंजिनं चालूच. आमच्याकडे हिवाळा जवळ आला की तशीच सवय आहे, बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईल की नाही याची धास्ती. डिझेल मिळत नाही म्हणून आठवडाभर रडणारी माणसं प्रार्थनेला आत गेली आणि बाहेर त्यांच्या गाड्या धूर सोडत उभ्या राहिल्या. अब्रामनं आमची बंद केली. त्यावर शेजारच्या हर्मन पेटकाऊनं विचारलं की बॅटरी मेली का. मग कॉर्नीकडे वळून, त्याच्या सुजलेल्या गालाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला:

"कॉर्नी, तुमच्या रानाचा न्हावी अर्ध्यातच उठून गेला का रे?"

पायऱ्यांवर उभे असलेले पुरुष हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. कॉर्नीचा हात गालावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. तो आत गेला तेव्हा टोपी काढायला विसरला होता. पाळकांनी त्या दिवशी सांगितलं की कापण्या आटपल्या की प्रभुभोजन आहे, एकाच भाकरीतला तुकडा सगळ्यांनी घ्यायचा आहे, आणि भावाशी ज्याचं बिनसलं असेल त्यानं आधी ते मिटवावं, मगच पंगतीला बसावं. दरवर्षी सांगतात तसंच सांगितलं. मी वाटेपलीकडे पुरुषांच्या बाकावर दोन मानांकडे बघत होते, दोन्ही ताठ, दोन्हींवर उन्हानं भाजलेल्या सारख्याच रेघा.

सोमवारी पहाटे स्तोत्र वाचत होते तेव्हाच ट्रॅक्टरचा आवाज आला. कॉर्नी असेल, ट्रॉली जोडत असेल, असं वाटलं. उजाडल्यावर खिडकीतून बघितलं तर ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं जात होता आणि मागे ट्रॉली नव्हती. गवत कापायचं यंत्र होतं.

तो धसकट कापत होता. गहू शनिवारीच कोठीत पडला होता, आता तिथे दाणाही नव्हता. नुसतं वाळकं, उभं धसकट चार बोटांवर आणत होता, रस्त्यावरून दिसेल तेवढं सगळं. खालच्या गिअरमध्ये, पुऱ्या रेसवर.

अब्राम बुटांच्या नाड्या न बांधताच धावला. मी शाल घेऊन मागे गेले. तो ट्रॅक्टरपुढे जाऊन उभा राहिला, हात पसरले नाहीत, नुसता उभा राहिला. कॉर्नीनं वेग कमी केला पण थांबला नाही. नाक अब्रामच्या अगदी जवळ आल्यावर त्यानं चाक वळवलं, त्याला वळसा घातला आणि पुढे पुन्हा ओळीला लागला. मागचं पातं अब्रामच्या शेजारून गेलं तेव्हा वाळक्या काडीचे तुकडे त्याच्या चेहऱ्यावर उडाले. कॉर्नी परत आला तेव्हाही अब्राम तिथेच होता. या वेळी ट्रॅक्टर थांबला.

"काय कापतोयस?" अब्रामनं विचारलं.

"शेत."

"कोणासाठी?"

कॉर्नी वरून त्याच्याकडे बघत राहिला. "आपलं नाव आहे त्या रानावर," तो म्हणाला. "तू पुसायला निघालास."

"नाव पॉप्लरपाशी उभंय अजून, गव्हात. ते बर्फात जाईल तेव्हा रस्त्यावरून कोणालाही दिसणार नाही. तुझं काम झालं."

मग अब्राम वळला. माझ्याजवळून गेला तेव्हा त्याच्या भुवईवर काडी चिकटलेली होती, ओठाला चीर पडली होती. मी शाल पुढे केली, त्यानं घेतली नाही. कॉर्नीनं उरलेल्या दोन ओळी कापल्या. सुरू केलेलं अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नाही.

मी काठी बुडवली. सगळ्यात खालच्या खाचेपाशी ओल होती. अब्रामनं ती माझ्या हातातून घेतली, बघितली आणि शेडच्या भिंतीवर फेकली. ती मोडली नाही. मी उचलून पुसली आणि दारामागे ठेवली.

त्या दिवसानंतर कॉर्नी सकाळी हार्वेस्टर लावेनासा झाला. दुपार होईपर्यंत तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राही आणि मधून मधून काडी मोडून बघे. कात्रीही वर उचललेली असे. जेवताना किल्ली फिरवून यंत्र बंद करी. अब्राम एक शब्द बोलला असता तर तो पुन्हा कात्री जमिनीला टेकवून बसला असता, हे अब्रामला ठाऊक होतं. म्हणून तो ट्रॅक्टरमध्ये दात आवळून बसायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी दोघांची नावं एकाच श्वासात घेते, लग्न होऊन आले तेव्हापासून. त्या आठवड्यात तो श्वास पुरायचा नाही.

गुरुवारी दुपारनंतर हार्वेस्टर खोकला, दोनदा झटके घेतले आणि थांबला. टाकीत काही नव्हतं. पॉप्लरच्या बाजूचा गहू तसाच होता, तुकडा म्हणावा तर मोठा, आमच्या घराचा पुढच्या पेरणीचा आधार म्हणावा तर तेवढाच. उत्तरेकडून आकाश शिशासारखं झालं होतं. शनिवारपासून बर्फ पडेल असं रेडिओ सांगत होता.

अब्राम हर्मनकडे गेला. माझ्या नवऱ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. त्याला हर्मनच्या शेडमध्ये बराच वेळ उभं राहावं लागलं, मग हर्मननं सांगितलं की त्याचाच मका उभा आहे, द्यायला एक कॅनसुद्धा नाही. आणि वर म्हणाला की सोमवारी सकाळी रस्त्याकडेला गवताचं यंत्र फिरत होतं म्हणे, मग टंचाई कसली. अब्रामनं हे मला सांगितलं तेव्हा तो हात धूत होता. धुऊन झाल्यावरही धूत राहिला.

शुक्रवारी सकाळी सवयीनं मी काठी घेऊन गेले. रिकाम्या टाकीत काठी कशाला, पण गेले. वर काढली तर ओल दोन खाचा वर होती.

मी पुन्हा बुडवली. पुन्हा तेवढीच. टाकीच्या पायाशी गोठलेल्या चिखलात बुटांचे ठसे होते, एक पाय नीट, दुसरा ओढलेला, जुन्या घराकडून टाकीपर्यंत आणि परत, कितीतरी वेळा गेल्यासारखे.

अब्रामनं काठी बघितली आणि त्याला जे वाटायचं तेच वाटलं. कॉर्नी शेडमध्ये कात्रीला वंगण घालत होता. अब्राम दारात उभा राहिला.

"लपवून ठेवलं होतंस," तो म्हणाला. "मला हर्मनच्या दारात उभं केलंस, आणि तुझ्याकडे होतं."

कॉर्नीनं वर बघितलं नाही. वंगणाचा हात फडक्याला पुसला. "गहू कापायचाय की बोलायचंय?" तो म्हणाला.

कापला. दुपारपासून अंधारापर्यंत, शनिवारी पुन्हा. वीतभर धसकट ठेवून, बारीक करायचं यंत्र बंद, जिथे वळायचं तिथे कमीत कमी फेऱ्यांत वळून. कॉर्नी इतकं जपून चालवत होता की जणू टाकीत त्याचं रक्त होतं. अब्राम ट्रॉली चालत्या हार्वेस्टरच्या धान्य ओतणाऱ्या नळीखाली धरत होता, थांबून पुन्हा उचल घ्यायला लागू नये म्हणून, इतक्या जवळ की एकाचं चाक दुसऱ्याला घासेल. काचेआडून एकमेकांकडे त्यांनी बघितलं नाही. दोघांचे हात मात्र एकाच वेळी हलत होते, लहानपणापासून शिकलेल्यासारखे. शेवटचा ट्रक मी कोठीकडे वळवला तेव्हा काचेवर पहिले पांढरे कण येत होते. माझ्या मागे दोघांनी यंत्रं शेडमध्ये घातली आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले.

सोमवारी मी कॉर्नीचे धुतलेले शर्ट घेऊन जुन्या घरात गेले. दार उघडल्यावर माझा श्वास समोर पांढरा दिसला. स्वयंपाकघरात नळाशी एक छोटा विजेचा हीटर ठेवलेला होता, पाइप फुटू नयेत म्हणून. बाकी घर बाहेरच्याइतकंच गार. साराच्या खिडकीतली फुलझाडं काळी पडली होती. कॉर्नी कोट आणि टोपी घालून टेबलाशी बसला होता, समोर बायबल, हातात मोजे.

मी काही न विचारता मागच्या दारानं गेले. घराच्या भिंतीला लागून असलेली तेलाची टाकी, सप्टेंबरात डगनं भरलेली, तिची तांब्याची नळी खोलून ठेवलेली होती आणि खाली बादल्या उपड्या घातलेल्या. घर तापवायच्या भट्टीचं तेल आणि ट्रॅक्टरचं तेल, फरक फक्त रंगाचा.

परत आले तेव्हा तो म्हणाला, "अब्रामला सांगायचं नाही."

"का?"

"गवताच्या यंत्रानं मी जेवढं उडवलं, तेवढं परत घातलं. वर काही नाही. उपकार नाही तो." मग म्हणाला, "त्याला कळलं तर तो मला घरी राहायला बोलावील. मला त्याच्या घरी राहायचं नाही."

मी म्हटलं, मी सांगणार नाही, पण त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तो म्हणाला, तो कशाला विचारतोय.

विचारलं नाहीच. त्या दिवसांत दोन्ही वेळच्या जेवणाला कॉर्नी लवकर यायचा आणि उशिरा उठायचा, कोट न काढता. चुलीकडे पाठ करून बसायचा. मी त्याची वाटी दोनदा भरायचे. अब्रामला वाटायचं हाही त्याचा ताठाच, आमच्या घरात कोटसुद्धा काढत नाही. त्यानं मला सांगितलं की या माणसाबरोबर तो प्रभुभोजनाला बसणार नाही. जो भावापासून डिझेल लपवतो त्याच्याशी काय मिटवायचं. मी म्हटलं, बसू नकोस, पण मग का बसला नाहीस ते पाळकांना सगळ्यांसमोर सांगावं लागेल. तो म्हणाला की हर्मनला तेवढं सुख द्यायचं नाही.

म्हणून तो आला.

आमच्यात प्रभुभोजनानंतर पाय धुतात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये नुसती वाट. बाकावर जो शेजारी येईल त्याचे पाय आपण धुवायचे, त्यानं आपले. वयाप्रमाणे बसतात आणि आमच्या एन्स घराण्यातली माणसं पूर्वीपासून एकाच बाकावर. अब्राम एका टोकाला सरकला होता, पण नेहमी दोघांच्या मध्ये बसणारा म्हातारा त्या दिवशी आजारी होता. शेजारी कॉर्नीच आला.

मी हर्मनच्या बायकोच्या, टीना पेटकाऊच्या पायांवर पाणी घालत होते आणि वाटेपलीकडे माझं लक्ष होतं. अब्राम घमेलं घेऊन गुडघ्यावर बसला, मान खाली, काम उरकायला आल्यासारखा. कॉर्नीनं बूट काढले. मग मोजा काढला, आत दुसरा होता. तो काढला, आत तिसरा. अब्राम त्या मोज्यांकडे बघत होता. शेवटी पाय बाहेर आला. मेणासारखा पांढरा, बोटं निळसर, टाचेला भेगा पडून त्यात रक्त सुकलेलं.

अब्रामनं तो हातात घेतला. पाणी घालायला दुसरा हात उचलला आणि तसाच थांबला.

"पाणी गार आहे," कॉर्नी हळूच म्हणाला. चर्चमध्ये तेव्हा कोणी बोलत नाही, म्हणून मला ऐकू आलं.

"पाणी गार नाही," अब्राम म्हणाला.

तो पायाकडे बघत राहिला. मग वर कोटाकडे बघितलं, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की काठी, दोन खाचांची ओल, जुन्या घराचं धूर नसलेलं धुराडं, सगळं एकामागून एक त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. मला वाटलं आता तो उठेल, किंवा शिवी देईल. दोन्ही त्याच्याकडून झालं असतं.

"भट्टीचं," तो म्हणाला.

"दुसरा पाय धू," कॉर्नी म्हणाला.

अब्रामनं घमेलं बाजूला सारलं. तो पाय त्यानं दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळायला लागला, जोरानं, रागानं, थंडीत जन्मलेल्या वासराला चोळतात तसा. बाकीच्यांचं धुऊन झालं. टॉवेल फिरले. माणसांनी हात मिळवले, एकमेकांना 'शांती असो' म्हणून बाकांवर परत बसली. स्तोत्र सुरू झालं. अब्राम अजून गुडघ्यावर होता. हर्मन पेटकाऊची मान वळली, त्याच्या मागच्या दोघांची वळली. कॉर्नीनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, अब्रामनं सोडला नाही.

"पुरे," कॉर्नी म्हणाला. "लोक बघताहेत."

"बघू दे," अब्राम म्हणाला आणि दुसरा पाय हातात घेतला.